सरळ मिस्त्रींच्या वाकड्या फळ्या

“लेव्हलपट्टी म्हणजे आंधळ्याची काठी! ज्याला डोळे आहेत त्याने ती हातात का धरावी?”

हे वाक्य मिस्त्री गेली तीस वर्षं ऐकवत आले होते. ज्याला ऐकायचं होतं त्यालाही, आणि ज्याला फक्त कपाट बसवून हवं होतं त्यालाही! लेव्हलपट्टी तुम्ही पाहिली असेल. हातभर लांबीची पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मध्यावर आला की फळी सरळ. जगातले सगळे सुतार त्या बुडबुड्यापुढे मान तुकवतात. आमचे मिस्त्री नाही! ते फळी भिंतीला टेकवायचे, चार पावलं मागे यायचे, एक डोळा मिटायचे, मान डावीकडे कलती करायचे, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचे आणि म्हणायचे, “उजवी बाजू केसभर वर.” ठोकली की झालं! मागाहून कोणी गुपचूप पट्टी लावून पाहिली, तरी बुडबुडा आपला मध्यावर गप्प बसलेला. म्हणून तर सगळे त्यांना ओळंबा मिस्त्री म्हणत. भिंत उभी सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा.

आता ज्याचं नाव ओळंबा, तो माणूस स्वतः किती सरळ असावा? तर अजिबात नाही! हातोडे, पटाशा, करवती आणि खिळ्यांचे डबे भरलेली चामड्याची पिशवी तीस वर्षं डाव्या खांद्यावर वागवून मिस्त्रींचा डावा खांदा तळमजल्यावर आणि उजवा पहिल्या मजल्यावर राहायला गेला होता. सकाळी उठताना त्यांची कंबर बिजागरीसारखी करकरायची. खाली पडलेला खिळा उचलायचा म्हणजे आधी भिंत धरायची, मग गुडघा, मग खुर्ची, आणि शेवटी बायकोला हाक मारायची.

“दुखतंय का?” बायको विचारायची.

“मला? मला काय धाड भरलीये!” मिस्त्री अर्ध्या वाकलेल्या अवस्थेतूनच गरजायचे.

आणि अशा या घरात नेमकी लेक शिकून आली ती कायरोप्रॅक्टर होऊन! म्हणजे औषध नाही, सुई नाही, हातांनी मणके आणि सांधे मोकळे करायचे. तिने रस्त्याच्या कोपऱ्यावर तळमजल्याच्या दोन खोल्या दवाखान्यासाठी घेतल्या आणि आसपास कुजबुज सुरू झाली. “मिस्त्रींची मुलगी म्हणे माणसांची हाडं कडाकडा वाजवते!” “मोडली तर?” “मोडली तर बाप आहे ना सुतार!”

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्यांच्या हातच्या कपाटांत कपडे ठेवणारी माणसं त्यांच्या पोरीला हसतात? त्याच संध्याकाळी ते दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन उभे राहिले.

“इथल्या फळ्या, टेबल, कपाट, सगळं मी करणार. माझ्या लेकीच्या दवाखान्यात दुसऱ्याच्या हातोड्याचा आवाज होणार नाही!”

“करा की,” लेक म्हणाली. “पण एक अट आहे, बाबा. माझे पहिले पेशंट तुम्ही.”

“मी? मला काय झालंय?”

“आरशात बघा. दवाखान्यात सरळ फळ्या आणि फळ्यांखाली वाकडा बाप उभा असेल, तर पाठ दाखवायला माझ्याकडे कोण येईल? आपले हेडमास्तर उद्घाटनाला येणार आहेत. ते माझ्याकडे आले तर सगळे येतील. ते माघारी फिरले तर मला या खोलीला कुलूप घालावं लागेल.”

हेडमास्तर म्हणजे शेजारचे, शाळेतून निवृत्त झाले तरी वस्तीवरून न झालेले! दंतवैद्य कोणता, चष्मा कुठला, पोराला कोणत्या शाळेत घालायचं, सगळं त्यांना विचारून. त्यांची मान वर्षभर आखडलेली होती आणि अख्खी वस्ती ते कोणाकडे जातात इकडे डोळे लावून बसली होती.

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. तिची ही खोली बंद पडली तर आपण जिवंत राहून काय करायचं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण तसं बोलून दाखवतील तर ते मिस्त्री कसले! ते म्हणाले, “ठीक आहे. बघू तुझ्या हातात काय जोर आहे ते!”

जोर होता. लेकीने आधी एक्स-रे काढायला लावला, शंभर प्रश्न विचारले, वाकवून, वळवून पाहिलं आणि मग टेबलावर पालथं झोपवून दोन्ही तळवे पाठीवर ठेवले. कडक्!

“मेलो!” मिस्त्री ओरडले.

बाहेर बसलेली बायको धावत आत आली. “अगं, काय मोडलं?”

“काही नाही मोडलं, आई. हवा सुटली सांध्यातली.”

“नाही, मोडलंय!” मिस्त्री उशीत तोंड खुपसून म्हणाले. “मला लाकूड कळतं! हा मोडल्याचाच आवाज आहे!” आणि एवढं बोलून ते टेबलावरून उतरले, वाकले आणि खाली पडलेली चप्पल भिंत, गुडघा, खुर्ची, बायको यांपैकी कोणालाही न विचारता उचलून पायात घातली. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन चिडूनच घरी गेले.

लेकीने स्वच्छ सांगितलं की ही जादू नाही, व्यायाम करायचा, जडशीळ पिशवी वाहायची नाही आणि अंगातली सूज उतरेल असं खायचं. खाण्याची यादी तिने आईच्या हातात दिली. तिथेच चूक झाली! ती माउली कुठलीही गोष्ट थोडीथोडकी करत नाही. हळद, आलं, जवस, पालेभाजी, अक्रोड! साखर बंद, तळण बंद, बेकरीचं बंद. सकाळी आल्याचा काढा, दुपारी ताटात पालेभाजीचा डोंगर, रात्री हळदीचं दूध. मिस्त्रींच्या मिशा आठवड्यात पिवळ्या झाल्या!

“अगं, मी माणूस आहे की बकरी?”

“बकरीची कंबर दुखलेली ऐकलीये कधी?”

मिस्त्री पिशवीच्या तळाशी पटाशांमागे बिस्किटांचा पुडा लपवायचे. एके दिवशी कामावर पिशवीत हात घातला, तर पुडा तोच, पण आत अक्रोड! त्यांनी ते रागारागाने हातोडीने फोडले आणि रागारागाने खाल्ले.

पण खोटं का बोला, तीन आठवड्यांत फरक पडला. करकर थांबली. डावा खांदा एक एक पायरी चढत उजव्याच्या शेजारी येऊन बसला. मिस्त्री रस्त्याने चालायचे ते पाहणी करायला आलेल्या साहेबासारखे! कोणी विचारलं की म्हणायचे, “पोरीचा हात आहे! पण मुळात लाकूड चांगलं होतं म्हणा.”

आणि याच तीन आठवड्यांत त्यांनी दवाखाना उभा केला. पेशंट बसतात त्या खोलीत भिंतीवर चार लांब फळ्या, त्यांच्यासमोर टेबल. रोजच्यासारखं चार पावलं मागे यायचं, डोळा मिटायचा, जीभ काढायची आणि ठोकायचं. शेवटची फळी ठोकून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. असं काम आजवर हातून झालं नाही, असं त्यांना वाटलं.

आईने टेबलावर अक्रोडांची बशी ठेवली. बशीतले दोन अक्रोड बाहेर निसटले. ते टेबलाच्या उजव्या कडेपर्यंत गडगडत गेले आणि टपटप खाली पडले.

माय-लेकी एकमेकींकडे बघू लागल्या.

“बाबा,” लेक जपून म्हणाली, “उजवीकडे जरा... उतार वाटतोय का?”

“कशाला?”

“टेबलाला. आणि... फळ्यांनाही.”

“फळ्या सरळ आहेत!” मिस्त्री म्हणाले. “भिंत वाकडी आहे!”

“आणि टेबल?”

“जमीन वाकडी आहे! कोणी बांधलं हे? बोलवा त्याला!”

बांधलं होतं ते शेजारच्याच गवंड्याने, आणि त्याचं आणि मिस्त्रींचं तीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य! गवंडी आला तो काखेत लेव्हलपट्टी घेऊनच. “मिस्त्री, भिंत वाकडी असेल तर मी मिशी काढीन. लावू पट्टी?”

“ती काठी माझ्या फळीला लावायची नाही! हात तोडीन!”

“अहो, पण बुडबुडा...”

“बुडबुडा मला शिकवणार? त्याचं वय काय, माझं काय!”

गवंडी हसत हसत निघून गेला. मिस्त्री तणतणत घरी आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. ओट्यावरची बरण्यांची फळी! लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली फळी आज डावीकडे झुकली होती. म्हणजे घर खचत होतं! दवाखानाही खचत होता! अख्खा रस्ताच खचत असणार आणि हे कळलेला माणूस एकच! बायको बाजारात गेली होती. मिस्त्रींनी हातोडी काढली आणि दहा मिनिटांत फळी ‘सरळ’ केली.

बायको परत आली, तेव्हा सगळ्या बरण्या उजव्या टोकाला गोळा होऊन चेंगराचेंगरी करत होत्या. तिच्या डोळ्यांदेखत शेवटच्या बरणीने खाली उडी घेतली. अडीच किलो जवस फरशीवर!

“तीस वर्षं!” ती जवसाच्या मधोमध उभी राहून ओरडली. “तीस वर्षं माझी एक बरणी जागची हलली नव्हती! आज काय केलंत?”

“घर खचतंय, अगं! मी वाचवलं!”

एवढ्यात शिंपी आला. हा मिस्त्रींचा लहानपणापासूनचा मित्र, उद्याच्या उद्घाटनासाठी शिवलेला नवा शर्ट घेऊन आला होता. जवसातून वाट काढत त्याने मिस्त्रींना शर्ट घातला, मागे सरकला आणि त्याचा चेहरा पडला. शर्टाची उजवी कड मांडीवर लोंबत होती, डावी कमरेशी लटकत होती.

“हाही वाकडा!” मिस्त्री गरजले. “आज सगळ्यांना झालंय तरी काय? शर्ट पण नीट शिवता येत नाही?”

“मी नीटच शिवलाय,” शिंपी दुखावून म्हणाला. “तीस वर्षं तुझा डावा खांदा दीड बोट खाली धरूनच शिवत आलोय. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. पण तू सरळ झालास हे मला आधी सांगायला नको? वाकडा शर्ट नाही, मिस्त्री. वाकडा तू होतास!”

मिस्त्रींनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि डाव्या खांद्याला अडकवली. खांदा खाली गेला, मान कलली. त्यांनी बरण्यांच्या फळीकडे पाहिलं. फळी उजवीकडे चांगली दीड बोट उतरलेली होती. पिशवी काढली, ते सरळ झाले, फळी पुन्हा सरळ दिसायला लागली.

ते जवसातच खाली बसले. घर खचलेलं नव्हतं. खचला होता तो त्यांचा डोळा! वाकड्या मानेने बघून बघून त्या डोळ्याने आपला हिशोब बसवला होता आणि लेकीने मान सरळ करून तो सगळा उधळला. तीस वर्षं ज्याच्या जोरावर साऱ्या जगाला आंधळं म्हटलं, तो डोळा! त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं, पण समोर शिंपी होता.

दुसरा कोणी असता तर सरळ लेव्हलपट्टी आणायला गेला असता. मिस्त्री? छे! उद्घाटन सकाळी दहाला होतं. मिस्त्री सातलाच दवाखान्यात हजर! डाव्या खांद्यावर पिशवी, पिशवीत जास्तीचे दोन हातोडे आणि स्क्रूचे तीन डबे. पूर्वी होते अगदी तेवढेच वाकडे होऊन ते कामाला लागले. पहिली फळी उतरवली, एक डोळा मिटला, जीभ काढली आणि ठोकली. जुना डोळा परत आला होता! मिस्त्रींनी आनंदाने शीळ घातली.

साडेनऊला लेक आली आणि दारातच किंचाळली. “बाबा! सरळ उभे राहा!”

“सरळ उभा राहिलो की फळी वाकडी होते! अजून तीन राहिल्यात, मध्ये बोलू नकोस!”

“राहू देत वाकड्या! तीन आठवडे मेहनत घेतलीये मी तुमच्या पाठीवर!”

“तुला दवाखाना सरळ पाहिजे की बाप?”

“बाप!” लेक म्हणाली. “मला बाप सरळ पाहिजे. टाका ती पिशवी!”

मिस्त्रींनी पिशवी टाकली. म्हणजे पिशवी गेली, पण मिस्त्री तिथेच राहिले. डावीकडे वाकलेले, मान कलती, हातोडी अधांतरी! कंबर अशी आखडली की ना वर, ना खाली.

“बाबा?”

“काही नाही. जरा... विचार करतोय.”

आणि त्याच क्षणी हेडमास्तर आत आले. मागून गवंडी, शिंपी, बेकरीवाला, आणि ‘मोडली तर बाप आहे ना सुतार’ म्हणणारे सगळे. फीत कापायची कात्री हेडमास्तरांच्या हातात तशीच राहिली.

“डॉक्टरीणबाई,” त्यांनी आखडलेली मान न वळवता अख्खं शरीर वळवून विचारलं, “तुमचे पहिले पेशंट ते हेच ना?”

“हो,” लेक हळूच म्हणाली.

“तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर?”

“हो.”

खोलीत कुजबुज झाली. “बापाची ही गत केली, मग आपली काय करील!” बेकरीवाला दाराकडे सरकला. त्याच्यामागे आणखी दोघे सरकले. लेकीने फक्त ओठ घट्ट मिटले. खरं तर एका वाक्यात ती सुटली असती. बाबांच्या फळ्या वाकड्या आल्या, म्हणून हट्टाने त्यांनी ही पिशवी घेतली, एवढंच सांगायचं होतं. पण ओळंबा मिस्त्रींची फळी चुकली हे वाक्य ती चार लोकांत उच्चारणार नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. वाकलेल्या मिस्त्रींना खालून तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

“थांबा!” ते ओरडले. “कोणी जागचं हलायचं नाही! मला तर हलताच येत नाही, पण तुम्हीही हलायचं नाही! गवंडी, कुठे आहात? काढा ती काठी!”

“कोणती काठी?”

“आंधळ्याची! लावा त्या तीन फळ्यांना!”

गवंड्याचा कानांवर विश्वास बसेना. त्याने पट्टी लावली. तिन्ही फळ्यांवर बुडबुडा तीरासारखा डाव्या टोकाला पळाला.

“आता या पहिल्या फळीला लावा.”

बुडबुडा मध्यावर. गप्प बसलेला.

“ही फळी मी आज सकाळी ठोकली, वाकडा होऊन!” मिस्त्री तसेच वाकलेल्या स्थितीत, जमिनीकडे बघत गरजले. “आणि त्या तीन ठोकल्या सरळ पाठीने! तीस वर्षं मी वाकडा होतो, म्हणून माझ्या फळ्या सरळ होत्या. माझ्या लेकीने मला इतका सरळ केला की माझं काम वाकडं झालं! या ओळंबा मिस्त्रीचं काम! तुमचे डॉक्टर सर्टिफिकेट टांगतात भिंतीवर. माझ्या लेकीचं सर्टिफिकेट त्या तीन फळ्या आहेत! याहून मोठा पुरावा कोणाकडे असेल, तर आणा! आणि आज हे जे वाकलंय ना, ते तिने नाही केलं. तिने सरळ केलेलं माझं मी वाकवलंय! हट्टाने! आता हसा!”

पण कोणी हसलं नाही. हेडमास्तरांनी बशीतला एक अक्रोड उचलला आणि टेबलावर ठेवला. तो गडगडत जाऊन खाली पडला. त्यांनी दुसरा ठेवला. तोही पडला. मग ते शाळेत निकाल जाहीर करायचे त्या आवाजात म्हणाले, “पुरावा ग्राह्य आहे. डॉक्टरीणबाई, पहिला नंबर माझा.”

“पहिला माझा!” मिस्त्री खालून ओरडले. “आधी मला सरळ करा, मग रांग लावा!”

त्यांना सरळ व्हायला चार दिवस लागले. तोवर लेकीच्या वहीत पुढच्या दोन आठवड्यांच्या वेळा भरून गेल्या होत्या. त्या तीन फळ्या तिने तशाच ठेवल्या. येणारा प्रत्येक पेशंट मान कलती करून त्यांच्याकडे बघतो आणि प्रत्येकाला ती सांगते, “मान सरळ ठेवा.” मिस्त्रींची कामंही काही बंद पडली नाहीत. उलट, परवा एक गृहस्थ घरी आले आणि हात जोडून म्हणाले, “मिस्त्री, आमच्याकडे मोठं कपाट करायचंय. तेवढं होईपर्यंत लेकीकडे जाऊ नका!” मिस्त्रींनी त्यांना दाराबाहेर काढलं. त्यांच्या पिशवीत आता बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यात गुंडाळलेली एक लेव्हलपट्टी असते. ती मित्राची आहे, असं ते सांगतात. आधी पट्टी लावून घेतात आणि मग घरमालक आला की चार पावलं मागे येऊन डोळा मिटतात.

आणि ती पिशवी? लेकीने जडशीळ वाहू नका म्हणून बजावलं होतं, पण मिस्त्रींनी स्वतःच्या अकलेने तोड काढली. त्यांनी खांदा बदलला! डाव्याला शिक्षा झाली तेवढी पुरे, आता उजव्यावर. काल शिंप्याकडे नव्या शर्टाचं माप द्यायला गेले होते. शिंप्याने दोन्ही खांद्यांवरून टेप फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली.

“मिस्त्री,” तो घसा खाकरून म्हणाला, “या वेळी आधीच सांगून टाकतो. उजवा खांदा अर्धं बोट खाली आलाय.”

“खांदा सरळ आहे!” मिस्त्री म्हणाले. “तुझी टेप वाकडी आहे!”